दुपारी दोन ते चार

आसनगाव स्थानकावर उतरून शहापूर गाठायचं, तिथून डोळखांबची एसटी धरायची आणि डोळखांबहून डेहण्याच्या वाटेला लागायचं. समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि त्या भिंतीत आजोबाचा डोंगर. उंची ४,५११ फूट. पायथ्याच्या दाट रानात वाल्मिकींचा आश्रम म्हणून पूजलं जाणारं ठिकाण आहे, वर कड्यात लव-कुशांचा पाळणा आहे. सीता इथेच राहिली, तिची मुलं इथेच वाढली, ती वाल्मिकींना आजोबा म्हणत म्हणून डोंगराचंही नाव आजोबा, अशी या भागातली श्रद्धा आहे. रामायण याच रानात रचलं गेलं, असंही इथली माणसं सांगतात. परंपरेने त्या काव्याचे श्लोक २४,००० मोजले जातात. एवढं काव्य एका बैठकीत होत नाही. ते कुणीतरी रोज बसून, कालच्या ओळीपुढे आजची ओळ जोडत केलेलं काम असतं.

ज्या मुलखाने आद्यकवीला आजोबा मानलं, त्या मुलखातल्या आज्यांच्या वाट्याला मात्र अक्षर आलं नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी अशा कष्टकरी समाजांची वस्ती आहे. आवणी, नाचणी-वरईची शेती, रानातली लाकूडफाट्याची मोळी, लांबून आणायचं पाणी, यांत बाईचा दिवस संपायचा. तिचं लिहिणं म्हणजे कागदावर उमटवलेला अंगठा. त्या कागदावर काय लिहिलंय, हे तिला दुसऱ्याने सांगायचं आणि तिने ऐकायचं.

या लेखाचा विषय रोज लिहिण्याचा संकल्प हा आहे. नवं वर्ष, वाढदिवस, पाडवा असं निमित्त साधून हा संकल्प अनेक जण सोडतात आणि आठवड्याभरात तो विरतो. तो का विरतो आणि कशाने टिकतो, याचं उत्तर शोधायला मी थोर लेखकांपासून सुरुवात करणार नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे या गावापासून करणार आहे.

आजीबाईंची शाळा

८ मार्च २०१६. जागतिक महिला दिनाच्या मुहूर्तावर फांगण्यात ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती सुरू केली आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने पाठबळ दिलं. विद्यार्थिनी साठ ते नव्वद वयाच्या. त्याच वर्षीच्या शिवजयंतीच्या कार्यक्रमात गावातल्या बायका पोथी वाचत होत्या, तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी आपल्यालाही वाचता आलं असतं तर, अशी हळहळ बोलून दाखवली. शाळेचा जन्म त्या हळहळीतून झाला, असं बांगर गुरुजींनी वेळोवेळी सांगितलं आहे.

या शाळेच्या बातम्या देशभर गेल्या, परदेशातही गेल्या. गुलाबी नऊवारी हा गणवेश, खांद्यावर दप्तर, हातात पाटी असलेल्या आज्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. कौतुक झालं ते योग्यच झालं. पण कौतुकाच्या भरात या शाळेची बांधणी नीट पाहायची राहून गेली. रोज लिहू पाहणाऱ्या कुणालाही शिकण्यासारखं जे आहे, ते त्या बांधणीत आहे.

पहिली गोष्ट वेळेची. वर्ग भरायचा दुपारी दोन ते चार. सकाळी शेण-गोठा, पाणी, भाकऱ्या, शेताची फेरी. संध्याकाळी पुन्हा चूल. मधल्या दोन तासांवर घराचा हक्क सगळ्यांत कमी. शाळेने तीच वेळ उचलली. ‘जमेल तेव्हा या’ असं म्हटलं असतं, तर कुणालाच जमलं नसतं. साठ वर्षं घर सांभाळलेल्या बाईला स्वतःसाठी वेळ काढ म्हणून सांगणं सोपं असतं. ती वेळ घड्याळात नेमून, गावाला सांगून, तिच्या नावावर करून देणं हे खरं काम.

दुसरी गोष्ट मापाची. पहिल्या दिवशी कुणी पत्र लिहायला बसवलं नाही. एक अक्षर, मग दुसरं, मग स्वतःचं नाव. ज्या बोटांनी जन्मभर विळा-कोयता धरला, त्यांना पेन्सिलची पकड बसायलाच दिवस लागतात. नजर अधू झालेली, कान मंद झालेले. काल गिरवलेलं आज आठवत नाही, म्हणून आज पुन्हा तेच गिरवायचं. रोजच्या मापात ही पुनरावृत्ती धरलेली होती, त्यामुळे विसरण्याची कुणाला लाज वाटायचं कारण उरलं नाही.

तिसरी गोष्ट सोबतीची. शिकवायला गावातलीच एक सून पुढे आली आणि तिची सासू त्याच वर्गात विद्यार्थिनी होती. जेमतेम तीसेक जणींचा वर्ग. एखादी आली नाही तर शेजारणीला कळायचंच. गणवेशाचंही मोल इथेच आहे. गुलाबी लुगडं नेसून दप्तर घेऊन बाई घराबाहेर पडली, की साऱ्या गावाला ती कुठे निघाली ते ठाऊक. घरात कोपऱ्यात बसून एकटीने धडे गिरवायचे असते, तर पहिल्या आजारपणात किंवा पहिल्या पाहुण्यासरशी ते थांबले असते.

बँकेत अंगठ्याऐवजी सही करू लागलेल्या या आज्यांच्या आनंदाविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या आनंदामागे ठरलेली वेळ, लहान माप आणि शेजारची सोबतीण ही तीन साधनं होती. रोज लिहिण्याचे मोठे म्हणून ओळखले जाणारे प्रयोग पाहिले, तर त्यांतही हीच तीन साधनं सापडतात.

आईची मागणी

पोथी आपल्याला वाचता यावी, ही फांगण्यातली हळहळ महाराष्ट्राने आधीही ऐकली आहे. विनोबा भाव्यांच्या आई रुक्मिणीबाईंना गीता समजून घ्यायची होती. संस्कृत कळत नव्हतं. विनोबांनी मराठी पद्यानुवाद आणून दिला, तोही त्यांना कठीण वाटला. तेव्हा तूच का लिहीत नाहीस, असं आईने मुलाला विचारलं. १९१८ साली आई गेली. मागणी मनात तशीच राहिली.

७ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटे विनोबांनी गीताई लिहायला घेतली. ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पूर्ण झाली. गीतेचे श्लोक ७००, लागलेले दिवस १२३. हिशेब केला तर दिवसाला सरासरी पाच-सहा श्लोक पडतात. ज्या माणसाचा वर्षानुवर्षांचा अभ्यास पाठीशी होता, त्याच्यासाठी हे माप मुद्दाम बेताचंच म्हणायला हवं. पहाटेची प्रार्थना झाली की लिहायला बसायचं, एवढा नेम. पुढे या पुस्तकाच्या लक्षावधी प्रती घरोघरी गेल्या. ज्यांनी गीता कधी हातात धरली नव्हती, अशा बायकांनी ती मराठीत म्हटली.

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं. अठरा अध्याय, अठरा रविवार, एकही रविवार चुकला नाही. हे बोलणं वाऱ्यावर गेलं नाही, कारण समोर बसून ते उतरवून घेणारा एक कैदी होता. त्याचं नाव पांडुरंग सदाशिव साने.

अमळनेरचं दैनिक

साने गुरुजींविषयी सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे ‘श्यामची आई’. नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे लेखणी खाली ठेवली. पुस्तकातल्या बहुतेक ‘रात्री’, म्हणजे प्रकरणं, या पाच दिवसांत लिहून झाल्या. ही हकिगत ऐकली की वाटतं, लिहिणं असं असतं: आतून उमाळा यावा आणि लेखणी धावत सुटावी. रोज थोडं थोडं लिहिण्याचा संकल्प मग रुक्ष वाटू लागतो.

पण त्या पाच दिवसांच्या आधीची वर्षंही पाहायला हवीत. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात गुरुजी शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्या मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक चालवलं. दैनिक म्हणजे रोज. दिवसभर शिकवायचं, मुलांचं दुखलंखुपलं पाहायचं आणि त्यातून वेळ काढून दुसऱ्या दिवशी मुलांनी वाचावं असं स्वतःच्या हाताने लिहायचं. थोरांची चरित्रं, देशाच्या गोष्टी, मुलांच्या वागण्यातलं काही खटकलेलं, काही आवडलेलं. वाचक किती? एका वसतिगृहात मावतील तेवढे. ना छपाई, ना मानधन, ना गाजणं. तरी ते रोज निघायचं, कारण मुलं वाट पाहायची.

मुलाला कळेल असं वाक्य कसं असतं, गोष्ट कुठे थांबवावी, उपदेश कधी गिळावा, हे गुरुजींच्या हाताला त्या दैनिकाने शिकवलं, अशी माझी खात्री आहे. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले तेव्हा हात तयार झालेला होता. नाशिकच्या कोठडीत पाच दिवसांत जे धो धो आलं, ते अमळनेरला रोज थेंब थेंब साठलेलं होतं. उमाळ्याला पात्र लागतं, आणि ते पात्र नेमाने घडतं.

वाट पाहणाऱ्या माणसाची ही ताकद पुढे ‘गीतरामायणा’तही दिसली. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून १९ एप्रिल १९५६ पर्यंत पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकरांची ५६ गीतं सुधीर फडक्यांच्या संगीतात, आठवड्याला एक या वेगाने प्रसारित झाली. संगीतकार थांबलाय, गायक थांबलेत, घराघरांत लोक रेडिओजवळ बसलेत, ही जाणीव कवीच्या पाठीशी होती. कवीची प्रतिभा तर होतीच. पण प्रतिभेलाही वार नेमून दिलेला होता.

परदेशातही हीच साधनं दिसतात. इंग्लंडच्या टपाल खात्यात नोकरी करून ४७ कादंबऱ्या लिहिणारा अँथनी ट्रोलप पहाटे साडेपाचला टेबलाशी बसे. समोर घड्याळ ठेवी आणि दर पाव तासाला २५० शब्द झालेच पाहिजेत असा त्याचा दंडक होता. पहाटे उठवण्यासाठी त्याने एका म्हाताऱ्या मोतद्दाराला वर्षाला ५ पौंड जास्तीचे लावले होते. १८८३ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात, आपल्या यशाचं श्रेय कदाचित इतर कुणाहीपेक्षा या माणसालाच जास्त द्यावं लागेल, असं त्याने मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे.

अमेरिकेतल्या रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली २७ प्राध्यापकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाने अत्यावश्यक सोडून काही लिहायचं नाही, दुसऱ्याने मनात येईल तेव्हा लिहायचं, तिसऱ्याने ठरलेल्या दिवशी लिहायचंच आणि न लिहिल्यास दंड भरायचा. तिसऱ्या गटाची पानं सर्वांत जास्त भरली, हे अपेक्षितच होतं. पण नव्या कल्पनाही त्याच गटाला जास्त सुचल्या. सुचलं की लिहीन म्हणत थांबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. लिहायला बसणाऱ्याला जास्त सुचतं.

खाडा पडतो तेव्हा

आता अवघड भाग. नेम मोडतो. ताप येतो, घरात मयत होते, आवणीच्या दिवसांत अंग इतकं आंबतं की पेन्सिल उचलवत नाही. शहरातल्या माणसाचा शेवटची लोकल गाठण्यात दिवस संपतो. एक दिवस चुकला की मन म्हणतं, झालं, मोडलं. आणि दुसऱ्या दिवशी वही उघडण्याची हिंमत होत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं आणि बारा आठवडे त्यांच्या रोजच्या नोंदी घेतल्या. खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या या साध्या सवयी होत्या. २०१० साली छापलेल्या निष्कर्षांनुसार सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. पण कुणाला १८ पुरतील, तर कुणाला २५४ लागतील, इतका माणसामाणसांत फरक होता. एकवीस दिवसांत सवय लागते हे ऐकीव सूत्र त्यापुढे टिकत नाही. याच अभ्यासात आणखी एक दिलासा होता: एखाद्या दिवसाचा खाडा पडल्याने सवय घडण्याच्या वाटचालीत फारसं बिघडत नाही. बिघडतं ते परत न आल्याने. म्हणून वहीत खाड्याच्या दिवशी तारीख घालून जागा कोरी सोडावी आणि पुढच्या दिवशी पुढची ओळ लिहावी. चुकलेल्या दिवसाची भरपाई करायला जाऊ नये. थकबाकी वाढत गेली की माणूस वहीच टाळू लागतो.

पण काहींसाठी खाडा हा केवळ मनाचा प्रश्न नसतो. शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांतली अनेक कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळेत अक्षर लावू लागलेलं पोर मधले कित्येक महिने पाटीला शिवत नाही. परत येतं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालवल्या, त्या याच कारणाने. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुराची तात्पुरती झोपडी. पोराचं रोजचं लिहिणं तुटू नये म्हणून शाळाच भोंग्यापाशी नेली.

मोठ्यांच्या साक्षरतेचंही तेच. १९५९ साली सातारा जिल्ह्यातून सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेपासून आजवर अनेक मोहिमा झाल्या. साक्षर झालेला माणूस सराव सुटला की पुन्हा निरक्षरतेकडे घसरतो, हा त्या सगळ्यांचा अनुभव. वाचनालय नाही, लिहायचं निमित्त नाही, मग शिकलेलं अक्षर पुसट होत जातं. नवसाक्षर बाईसाठी रोज दोन ओळी लिहिणं हा हौसेचा उपक्रम नाही. ती तिच्या कमाईची राखण आहे.

किती काय हरवतं, याचा अंदाज बहिणाबाई चौधरींवरून यावा. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या तोंडच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावाने टिपून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्या ओव्यांचं पुस्तक झालं. टिपणारं माणूस घरात होतं म्हणून बहिणाबाई आपल्याला मिळाल्या. उलट बाजूला लक्ष्मीबाई टिळक आहेत. शाळेत न गेलेली ही बाई लग्नानंतर अक्षरं शिकली आणि उतारवयात तिने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आलेलं हे आत्मचरित्र मराठीतल्या सर्वोत्तम गद्यांत गणलं जातं. उशिरा मिळालेलं अक्षरही किती दूर नेतं, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

पाण्याची वही

शहापूर तालुक्याबाबत एक गोष्ट मला सतत टोचते. मुंबईला पाणी पुरवणारे सात तलाव आहेत. त्यांची एकूण साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यांतल्या एकट्या भातसाची ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मी. भातसा शहापूर तालुक्यात आहे. १८९२ साली पुरं झालेलं तानसा धरणही इथलंच. पावसाळ्यात मुंबई महापालिका रोज सकाळी सहा वाजताची पातळी तलावागणिक जाहीर करते आणि वर्तमानपत्रं ती छापतात. कुठल्या वर्षी कुठल्या तारखेला भातसात किती पाणी होतं, हे महानगर सांगू शकतं, कारण त्याने रोज लिहून ठेवलं आहे.

त्याच तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाड्यावरच्या विहिरीने तळ कधी गाठला, टँकर कोणत्या तारखेला आला, किती दिवस आला नाही, बाईने हंडा घेऊन किती वेळ घालवला, याची वही कुठे आहे? अंगणवाडीची हजेरी रोज लिहिली जाते, गुरुजींची टाचणवही रोज लिहिली जाते, पोलीस ठाण्याची दैनंदिनी रोज लिहिली जाते. रोज लिहिण्याची शिस्त गावाला नवी नाही. फक्त ती आजवर वरच्या कार्यालयासाठी राबली. गावाने स्वतःसाठी रोज लिहिलेलं फार थोडं आहे.

म्हणून रोज लिहिण्याचा संकल्प करणाऱ्याने काय लिहावं, या प्रश्नाचं माझं उत्तर साधं आहे. कादंबरीच हवी असं नाही. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोत ख्रिस बॅटी आणि त्याच्या मित्रमंडळींनी एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहिण्याची टूम काढली. पुढे ती जगभर पसरली. दिवसाला सुमारे १,६६७ शब्द हे तिचं माप. ज्याला झेपेल त्याने ते जरूर करावं. पण डोळखांबच्या पाड्यावर, मुरबाडच्या वाडीत किंवा डोंबिवलीच्या चाळीतही वर्षभर टिकेल असं माप तीन ओळींचं आहे. तारीख. आज पाणी, पाऊस, पीक किंवा रोजगार यांचं काय झालं, त्याची एक ओळ. आणि आज कानावर पडलेलं, विसरू नये असं एक वाक्य: आजीची ओवी, भाताच्या जुन्या वाणाचं नाव, रानभाजीची खूण, कातकरी बोलीतला शब्द, भांडणातला खरा मुद्दा.

वेळ दिवसातली, घराचा हक्क सगळ्यांत कमी असलेली शोधावी आणि ती घरात सांगून टाकावी. एकट्याने सुरू करू नये. शेजारीण, नातवंड, भाचा, कुणीतरी सोबत घ्यावं आणि आठवड्यातून एकदा एकमेकांच्या वह्या वाचाव्यात. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावं आणि शाळेतल्या पोराने लिहावं. पोराचा सराव होईल आणि म्हाताऱ्याचं बोलणं राहील.

मुहूर्त तर दारात आहे. दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी वहीपूजन करून नव्या वहीवर पहिला जमाखर्च मांडतो, कारण रोज लिहिल्याशिवाय धंदा कळत नाही हे त्याला पिढ्यांच्या अनुभवाने पटलेलं आहे. आयुष्याचा आणि गावाचा व्यवहारही तसाच रोज लिहिल्याने कळतो. शंभर पानी वही, एक पेन आणि तीन ओळी, एवढं भांडवल कुठल्याही घराला परवडतं.

पुढच्या उन्हाळ्यात एखाद्या पाड्यावरची बाई ग्रामसभेत उभी राहील आणि पाणी येत नाही म्हणेल. तोंडी तक्रार ‘बघू’ म्हणून बाजूला सारता येते. तिच्या हातात तारीखवार लिहिलेली, तिच्याच अक्षरातली वही असली, तर ती वाचून दाखवावी लागेल, इतिवृत्तात घ्यावी लागेल आणि तिला उत्तर द्यावं लागेल. रोजच्या तीन ओळींनी साहित्य घडेल की नाही, ते काळ ठरवील. पण लिहिणाऱ्या माणसाची गणती करणं त्या भाग पाडतील, एवढं पुरेसं कारण आहे, आणि म्हणून या पाडव्याला सुरुवात करा.